चित्रात मेंदू किती, यंत्र किती?



 परिषदेच्या स्वागताध्यक्षाने हारतुरे देऊन बाजूला व्हावे, असा रिवाज आहे. पण मनातली चित्रे वाचण्याच्या या विद्येबद्दल एक शंका मांडूनच मी बाजूला होईन.

2008 मध्ये मेंदूसंशोधक जॅक गॅलंट यांच्या गटाने 120 छायाचित्रांपैकी समोरच्याने कोणते पाहिले, हे मेंदूच्या एफएमआरआय स्कॅनवरून ओळखून दाखवले. एका व्यक्तीच्या बाबतीत 92 टक्के, दुसऱ्याच्या 72 टक्के वेळा अचूक. दावा बेताचा होता, म्हणूनच तो तपासता आला. 2023 मध्ये ताकागी आणि निशिमोतो या संशोधकांनी अशा वाचनाला स्टेबल डिफ्यूजन या चित्रे काढणाऱ्या यंत्राची जोड दिली आणि पडद्यावर सुबक चित्रे उमटू लागली. माझी शंका या सुबकपणाबद्दलच आहे. कोट्यवधी चित्रांवर घडलेल्या यंत्राला ‘मनोरा’ एवढा इशारा मिळाला, तरी ते मनोरा देखणाच काढणार. मेंदूसंशोधक कामितानी यांच्या सहकाऱ्यांनी 2024 मध्ये दाखवले की, सरावात नसलेल्या प्रकारची चित्रे आली की अशा पद्धतींची कामगिरी ढासळते. शिवाय डोळे मिटून कल्पिलेल्या चित्राचा संकेत पाहिलेल्यापेक्षा क्षीण असतो. संकेत जितका क्षीण, तितकी यंत्राची भर जास्त.

कोणी म्हणेल, माणसाची नजरही गाळलेल्या जागा पूर्वानुभवानेच भरते. खरे आहे, पण माझ्या जागा माझा अनुभव भरतो, यंत्र मात्र इंटरनेटवरच्या परक्या चित्रांनी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माणसाच्या सहकार्याशिवाय हे वाचन होतच नाही. टेक्सासमधील 2023 च्या भाषाविषयक प्रयोगात प्रत्येकाला सुमारे 16 तास स्कॅनरमध्ये पडून गोष्टी ऐकाव्या लागल्या आणि मन दुसरीकडे वळवले की वाचन फसत होते. म्हणजे मनातले चोरीला जाण्याची भीती तूर्त कमी. मला भीती आहे ती खोट्या साक्षीची. 2008 मध्ये याच पुणे शहरातील सत्र न्यायालयाने एका खून खटल्याच्या निकालात मेंदूच्या विद्युत लहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता. अशा चाचण्या सक्तीने करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी खटल्यात बजावले. पण संमती मिळाली म्हणून चाचणी खरी ठरत नाही, आणि धूसर आलेखापेक्षा सुबक चित्र न्यायाधीशालाही लवकर पटेल.

म्हणून सादरकर्त्यांना विनंती, प्रत्येक चित्राशेजारी मेंदूचे संकेत विस्कटून त्याच यंत्राने काढलेले चित्रही लावा. त्यासाठी पोस्टर दालनात आम्ही दुप्पट जागा ठेवली आहे.