औषध मधेच का सुटतं?



2 ऑक्टोबर 2011 पासून राजस्थान सरकारने सरकारी दवाखान्यांत औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. 'मुख्यमंत्री निःशुल्क दवा योजना' हे तिचं नाव. सरकारी महामंडळ जेनेरिक औषधं घाऊक भावाने विकत घेतं आणि ती दवाखान्याच्या खिडकीवर रुग्णाच्या हातात पडतात. मनोविकारांवरची औषधंही त्यांत आहेत. जयपूरच्या सेठी कॉलनीत सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाचं मनोचिकित्सा केंद्र आहे. सकाळी तिथे गेलात तर टोंक, करौली, सवाई माधोपूरकडून रात्रीची बस धरून आलेली माणसं दिसतील. रुग्ण एक, सोबतीला दोघं, हातात जुन्या चिठ्ठ्यांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी.

पैसे नाहीत म्हणून औषध बंद, हे कारण या खिडकीने पुष्कळ अंशी दूर केलं. राजस्थानच्या या कामाचं मला फार मोल वाटतं. येण्याजाण्याचं भाडं आणि दोघातिघांची बुडालेली मजुरी उरतेच, पण गोळीची किंमत तरी उरली नाही. तरीही औषध सुटतं. फुकट मिळालेली गोळी गादीखाली सापडते, तुळशीच्या कुंडीत सापडते. घरचे संतापतात. 'एवढं सगळं करतोय आम्ही, आणि याला साधी गोळी गिळता येत नाही?' जयपूरमध्ये अशा कुटुंबांच्या सोबत काम करताना हे वाक्य मी मारवाडीत, हिंदीत आणि आपल्या मराठीतही ऐकलं आहे. आज त्या संतापाच्या पलीकडे थोडं बघूया.

आधी एक गोष्ट नीट ध्यानात घेऊ. औषध सोडणं ही मनोरुग्णांची खास खोड नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालात म्हटलं होतं की दीर्घकाळच्या आजारांत, श्रीमंत देशांतसुद्धा, सरासरी निम्मेच लोक सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. रक्तदाब आणि मधुमेहही त्यात आले. अमेरिकेत स्किझोफ्रेनियाच्या चौदाशेहून जास्त रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. दिलेलं औषध 18 महिन्यांच्या आत थांबलं किंवा बदलावं लागलं, अशांचं प्रमाण त्यात 74 टक्के होतं. नवी औषधं, जुनं औषध, सगळ्यांचीच थोड्याफार फरकाने ही गत. आणि थांबण्याच्या कारणांत रुग्णाचा स्वतःचा निर्णय हे फार मोठं कारण होतं. निर्णय म्हटला की त्यामागे विचार आला, आणि तो विचार आपण विचारून घेत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

पुष्कळ वेळा तो विचार शरीरातून येतो. ओलान्झापिनसारख्या गोळीने आवाज ऐकू येणं थांबतं, झोप लागते, आणि भूक अशी खवळते की काही महिन्यांत अंगावरचे कपडे होत नाहीत. रिस्पेरिडोनने काही बायकांची पाळी थांबते, मूल नसताना छातीतून दूध येतं. लग्न न झालेल्या मुलीच्या बाबतीत हे घडलं तर ती कुणाला सांगणार? घरात संशयाचं वादळ उठण्यापेक्षा ती गुपचूप गोळी टाकते. पुरुषांना लैंगिक अडचणी येतात आणि ते त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. काही औषधांनी अंगात विलक्षण अस्वस्थता भरते, माणूस एका जागी बसूच शकत नाही. घरच्यांना वाटतं आजार वाढला, आणि ते म्हणतात, डोस वाढवा. यातल्या जवळजवळ प्रत्येक त्रासावर काही ना काही उपाय आहे. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, जोडीला दुसरं औषध देता येतं. पण ते डॉक्टरांच्या कानावर जावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. त्यात सासऱ्यांच्या देखत कोणती सून पाळीबद्दल बोलेल?

इथल्या, म्हणजे जयपूरच्या, उन्हाळ्याबद्दल मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांनाही ते लागू आहे. मनाचा तोल कधी उन्मादाकडे, कधी खोल उदासीकडे जातो त्या बायपोलर आजारावर लिथियम हे जुनं आणि फार गुणाचं औषध. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी 1949 साली त्याचा उपयोग दाखवून दिला. त्याची एक मोठी अडचण आहे. रक्तात ते साधारण 0.6 ते 1.0 एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. दीडच्या वर गेलं की विषबाधेची भीती. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. जयपूरचा पारा पंचेचाळिशीकडे सरकला, घामातून मीठपाणी गेलं, की शरीर मीठ धरून ठेवू लागतं आणि त्याच्यासोबत लिथियमही. त्यात ज्येष्ठातली निर्जला एकादशी येते. रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत पाजणाऱ्या घरातली बाई स्वतः दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. पुढे करवा चौथ, आणि आपल्याकडची हरतालिका. डोकं दुखलं म्हणून कुणीतरी आयब्युप्रोफेन दिली की लिथियम आणखी चढतं. मग उलट्या, जुलाब, हात जोरात थरथरणं, चालताना झोक जाणं. सलाईनवर बाई बरी होते, आणि घरात ठरतं, ही विषारी गोळी पुन्हा नको. त्या घराला मी दोष देऊ शकत नाही. पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नका, दुखण्यावरची गोळी परस्पर घेऊ नका, उपासाआधी विचारा, जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, हे कुणी बसून सांगितलेलंच नसतं.

लग्न हे आणखी एक कारण. स्थळ बघायला लागल्यापासून मुलीची औषधाची पिशवी कपाटाच्या मागे जाते आणि सासरी जाताना माहेरीच राहते. नवऱ्यापासून लपवून गोळी घ्यायची म्हणजे जागा हवी, वेळ हवी, खोटं बोलायची तयारी हवी. जागरणं, विधी, नवं घर, आणि त्याच आठवड्यात औषध बंद. आजार उलटायला याहून वेगळं काय लागतं? मग 'फसवलं' म्हणून मुलगी परत पाठवली जाते. दिवस गेले तर बाळाच्या काळजीने गोळ्या थांबतात. ती काळजी खरी आहे. व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने गर्भाला इजा होऊ शकते. पण त्याचं उत्तर आधीपासून डॉक्टरांशी बोलून औषध बदलणं हे आहे. एका रात्रीत सगळं बंद केल्याने आई आणि बाळ दोघंही संकटात सापडतात.

काही जण बरं वाटतं म्हणून थांबवतात. यासारखं स्वाभाविक दुसरं काही नाही. तापाची गोळी आपण ताप उतरल्यावर थांबवतोच. उदासीवरच्या गोळ्यांचं उलटंही होतं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मळमळ पहिल्या दिवसापासून. मधेच सोडल्या की चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं, आणि माणूस समजतो की आपल्याला सवय लागली. आणि स्किझोफ्रेनियात पुष्कळांना आपण आजारी आहोत हे खरोखरच जाणवत नाही. तो हट्ट नसतो, आजाराचाच भाग असतो. वाद घालून ते पटत नाही. 'झोप लागते ना याने, मग झोपेसाठी घे' एवढ्यावर गोळी चालू राहिल्याचं मी पाहिलं आहे.

काही घरं दवाखाना सोडून देवस्थानाकडे वळतात. जयपूर-आग्रा रस्त्यावर, जयपूरपासून साधारण शंभर किलोमीटरवर मेहंदीपूर बालाजीचं देऊळ आहे. 'ऊपर की हवा' लागलेल्यांना घेऊन उत्तर भारतातून लोक तिथे येतात. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी 1982 च्या आपल्या पुस्तकात या जागेवर विस्ताराने लिहिलं आहे. तिथे जाणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तिथे दोष रुग्णाचा नसतो, बाहेरून आलेल्या बाधेचा असतो. घरचे दिवसचे दिवस त्याच्याजवळ बसून राहतात. आपल्या दवाखान्यांत हे मिळतं का? 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णाजवळ राहू दिलं, ते याच जाणिवेने. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा उपक्रम सुरू झाला. तिथले मुजावर रुग्णांना आवारातल्या डॉक्टरांकडे पाठवू लागले. देवापुढे अर्जी लावायची तर जरूर लावा. गोळी मात्र पिशवीत असू द्या.

आपल्याकडे पुण्यात कॅनडातल्या कॅल्गरीचे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून 2004 साली आला. अशा ठिकाणी स्वमदत गट चालतात. तिथे एखाद्याला 'मी महिनाभर गोळ्या घेतलेल्या नाहीत' असं म्हणता येतं, आणि समोरचा विचारतो, काय त्रास होत होता? घरातही एवढंच विचारता आलं तर पुष्कळ होईल. बोलायला जवळ कुणी नसेल तर 'टेलिमानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक आहे.

शेवटी कायद्यातली एक तरतूद सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आपली बुद्धी ठिकाणावर असताना पूर्वनिर्देश लिहून ठेवता येतो. पुढे आजार बळावून स्वतः ठरवता येईनासं झालं, तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कुणी बोलावं, हे त्यात लिहायचं. तो मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे नोंदवावा लागतो. घरात बरे दिवस चालू असतील तर या आठवड्यात कागद घेऊन बसा. कोणत्या गोळीने वजन वाढलं, कोणत्या गोळीने हात थरथरले, कोणत्या गोळीवर पुन्हा कामावर जाता आलं, हे रुग्णाला त्याच्या शब्दांत सांगू द्या, आणि मधे न बोलता लिहून घ्या. पुढच्या तारखेला तोच कागद डॉक्टरांपुढे ठेवा.