लाव्ह्याचे पठार आणि सरकारी मदत

जव्हार-मोखाड्याचे पठार सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याने घडले असले, तरी तो अग्नी केव्हाच शमला आहे. परंतु नोव्हेंबर 2018 पासून शेजारच्या डहाणू-तलासरी तालुक्यांत जी भूकंपमालिका सुरू झाली, तिने घरांना तडे पाडून रहिवाशांना ऐन थंडीत उघड्यावर आणले, तेव्हा सरकारने तंबूंची तजवीज केली. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तर 52 गावे समूळ नव्या जागी वसविण्यात आली. अशा आपत्तीत तलाठ्याने केलेला पंचनामा तहसीलदारामार्फत वर जातो व अनुदानाचा आधार ठरतो. यास्तव घराची पडझड होताच तलाठ्यास विनाविलंब वर्दी द्यावी आणि पंचनाम्याची नक्कल जपून ठेवावी.