मुंबईस प्रथमच जातांना

आमच्या खानदेशांतल्या माणसास मुंबई कांहीं अगदींच परकी नाहीं. कोणाचा मुलगा तेथें नोकरीस असतो, कोणाचे कागद मंत्रालयांत अडलेले असतात, कोणास परळच्या टाटा रुग्णालयाची पायरी चढावी लागते. परंतु अशा कामासाठीं गेलेला माणूस मुंबईस जाऊन येतो. मुंबई पाहून येत नाहीं. त्याचें सारें लक्ष घड्याळाकडे, नाहीं तर हातांतल्या कागदांकडे असतें. शिवाय अशा फेरींत घरांतल्या बायका, म्हातारीं माणसें व लहान मुलें मागेंच राहतात. तेव्हां ज्यांनीं मुंबई मुळींच पाहिलेली नाहीं अशा आपल्या माणसांस बरोबर घेऊन, केवळ पाहण्यासाठीं पहिली फेरी करावयाची, तर तिचा बेत कसा आखावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे: बेत स्थळांचा करूं नये, माणसांचा करावा. आणि माणसांमध्यें जें सर्वांत हळू चालणारें असेल, त्याच्या पावलानें करावा.

जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाकडे, निवृत्तीनंतरही, लोक अर्ज लिहून घ्यावयास आणि प्रवासाची माहिती विचारावयास येतात. गेल्या वर्षीं आमच्या बोदवडास एक शेतकरी गृहस्थ असेच आले. हातांत मुलानें लिहून दिलेला कागद होता. त्यावर दोन दिवसांत पाहावयाचीं चौदा ठिकाणें क्रमानें मांडलेलीं होतीं. बरोबर कोण येणार, असें मीं विचारलें. पत्नी, तिचे गुडघे दुखतात. आणि आठ वर्षांची नात. “त्या दोघींना काय पाहावयाचें आहे?” या प्रश्नावर गृहस्थ घुटमळले. घरांत तें कोणी विचारलेंच नव्हतें. दुसऱ्या दिवशीं ते उत्तर घेऊन आले. पत्नीस समुद्र पाहावयाचा होता, आणि तोही उभ्या उभ्या नव्हे, बसून. नातीस दुमजली बसमध्यें वरच्या मजल्यावर बसावयाचें होतें. आम्हीं चौदांतलीं दहा ठिकाणें खोडलीं आणि जीं चार राहिलीं त्यांभोवतीं सारा बेत बसविला.

प्रथम ऋतूचा विचार करावा. आमच्याकडचा उन्हाळा कडक खरा, पण कोरडा. मुंबईची हवा दमट. घाम वाळत नाहीं आणि म्हातारें माणूस लवकर थकतें. पावसाळा तर पहिल्या फेरीस नकोच. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या जळगांव जिल्ह्यांत सबंध वर्षांतही सरासरीनें एवढा पडत नाहीं. नेहमींच्या पावसांतही भरती आणि मोठी सर एका वेळीं आलीं म्हणजे सखल भागांत पाणी तुंबतें. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. रेल्वेचें आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या साठ दिवस आधीं खुलें होतें. त्यापूर्वीं ही मुदत एकशेंवीस दिवसांची होती. तारीख ठरली कीं लगेच आरक्षण करावें आणि वयस्कर माणसासाठीं खालची बर्थ मागावी.

भुसावळहून मुंबई सुमारें 440 किलोमीटर. रात्रीं निजून सकाळीं उतरण्याची सोय असली, तरी पहिल्या फेरींत जातांना किंवा येतांना एकदां तरी दिवसाचा प्रवास करावा, असें मी आग्रहानें सांगतों. इगतपुरीनंतर गाडी थळ घाटांत उतरूं लागते. सदतीस फुटांस एक फूट एवढा तो उतार आहे आणि हा लोहमार्ग 1865 सालीं खुला झाला. परतीच्या वाटेवर याच चढावर गाड्यांस मागून रेटा देण्यासाठीं कसाऱ्यास जादा इंजिनें जोडीत आले आहेत. मुलांस हें खिडकींतून दाखवावें. भूगोलाच्या पुस्तकांतील सह्याद्रि आणि डोळ्यांपुढला सह्याद्रि यांत फार अंतर असतें.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगावी. 1853 सालीं बोरीबंदर ते ठाणें अशी पहिली गाडी धांवली. त्यानंतर चौदा वर्षांच्या आंत हाच मार्ग भुसावळ, बोदवड, मलकापूर असा करीत 1867 सालीं नागपुरास पोंचला. एवढी घाई कशासाठीं? त्याचें एक मोठें कारण आपला कापूस. 1861 ते 1865 या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें; तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. आमच्या काळ्या जमिनींतला कापूस गांठी बांधून मुंबईच्या बंदरांत जाऊं लागला. त्या व्यापारांत अमाप पैसा मिळविलेल्या प्रेमचंद रायचंद यांनीं दिलेल्या देणगींतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. राजाबाई हें त्यांच्या आईचें नांव. मनोरा 280 फूट उंच असून तो 1878 सालीं पुरा झाला. हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नांवाचें स्टेशन अद्याप आहे. 18 जानेवारी 1982 रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणी कामगार होते. त्या गिरणगांवांत आज उंच इमारती दिसतात. खेड्यांतलें माणूस मुंबईंत बिचकतें, अंग चोरून चालतें. त्याला ही हकीकत आधीं ठाऊक असली, तर आपण कोणाच्या तरी ओसरीवर आलों आहों असें त्याला वाटणार नाहीं. या शहराच्या पायांत आपल्याही शेतांतली रुई आहे.

आतां शहराची ठेवण. मुळांत मुंबई हीं सात बेटें: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम. मधल्या खाड्या बुजवून तीं जोडलीं गेलीं. त्यामुळें शहर उत्तर-दक्षिण लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद झालें. ही एक गोष्ट नीट ध्यानांत आली म्हणजे अर्धी मुंबई समजली. सकाळीं लोकांचा लोंढा दक्षिणेकडे, संध्याकाळीं उत्तरेकडे. लोकल गाड्यांच्या तीन मुख्य वाटा आहेत. पश्चिम मार्ग चर्चगेटहून निघतो; मध्य आणि हार्बर हे दोन्ही मार्ग छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघतात. दादरास पश्चिम आणि मध्य मार्ग एकमेकांस भेटतात. जाण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांनीं एका कागदावर हा आराखडा काढावा, आजीनेंही काढावा. ज्याला दिशा समजते त्याला गर्दीची भीति कमी वाटते.

मुक्काम कोठें करावा? आमच्याकडच्या पुष्कळ कुटुंबांचे नातेवाईक कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या बाजूस असतात. तेथें उतरणें स्वस्त व आपुलकीचें. परंतु कल्याणहून शिवाजी महाराज टर्मिनस सुमारें 54 किलोमीटर आहे. जाऊन येऊन अडीच-तीन तास लोकलमध्यें जातात, आणि तेही ऐन गर्दीच्या वेळीं निघालें तर उभ्यानें. गुडघेदुखीच्या माणसास ही बचत महाग पडते. म्हणून माझी सूचना अशी कीं, पहिल्या दोन रात्रीं दादर किंवा गिरगांव अशा मध्यावरच्या भागांत साधी, स्वच्छ खोली घ्यावी आणि शेवटचा दिवस नातेवाइकांकडे काढावा. जे श्रोते स्वतः शहरांत राहतात त्यांनाही एक विनंती आहे. गांवाकडचीं वडीलधारीं माणसें येतों म्हणालीं, तर त्यांच्यासाठीं एक दिवसाची रजा काढावी. नुसता पत्ता आणि गाडीची वेळ सांगून त्यांना लोकलच्या दारांत सोडूं नये.

लोकलनें जावयाचें तर सकाळीं अकरा ते दुपारीं चार हा काळ बरा. जलद गाडी सोडून धिमी पकडावी. चढावयास उतरावयास तींत गर्दी कमी असते. बायकांचे डबे वेगळे असतात, तेव्हां कोणी कोठें उतरावयाचें हें चढण्यापूर्वींच बोलून ठेवावें. ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड ही संपूर्ण भुयारी मेट्रो चालूं झाली आहे. तिची लांबी साडेतेहतीस किलोमीटर असून तिच्यावर सत्तावीस स्थानकें आहेत. दादर, सिद्धिविनायक, गिरगांव, शिवाजी महाराज टर्मिनस, चर्चगेट हीं सारीं तिच्यावरच येतात. स्थानकांत उद्वाहक व सरकते जिने आहेत. लोकलपेक्षां चार पैसे अधिक पडले, तरी वयस्कर माणसासाठीं ते खर्चावे.

पाहावयाचें काय? रोज दोन गोष्टी. एक सकाळीं, एक संध्याकाळीं. दुपार विश्रांतीची. पहिल्या दिवशीं सकाळीं शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत समोरच्या बाजूनें दहा मिनिटें उभें राहून पाहावी. स्टीव्हन्स नांवाच्या वास्तुशिल्पज्ञानें ती योजिली. 1878 सालीं काम सुरू झालें आणि 1888 सालीं पुरें झालें; 2004 सालीं ती जागतिक वारशांत गणली गेली. तेथून हुतात्मा चौक जवळ आहे. 1960 सालीं मुंबईसह महाराष्ट्र झाला तो कोणाच्या रक्तावर, हें मुलांस त्या चौकांत सांगावें. पुढें ओव्हल मैदानाच्या कडेनें राजाबाई मनोरा दिसतो. एवढें एका सकाळीं पुष्कळ झालें. संध्याकाळीं चर्चगेटहून थोडें चालून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसावें. समुद्र बसून पाहावयास याहून सोयीची जागा मला ठाऊक नाहीं, आणि तिला तिकीट नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गेटवे ऑफ इंडिया. ही कमान 1924 सालीं पुरी झाली, आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजीं शेवटची इंग्रज पलटण येथूनच बोटींत चढली. जवळच छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. तें 1922 सालीं लोकांस खुलें झालें. त्यांत दोन-तीन दालनेंच निवडावीं. घारापुरीचीं लेणीं पाहावयाचीं तर संग्रहालय सोडावें. बोटीला एका बाजूनें सुमारें तास लागतो, वर शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात आणि लेणीं सोमवारीं बंद असतात. 18 डिसेंबर 2024 रोजीं याच वाटेवर बोटीचा भीषण अपघात झाला. बोटींत बसतांच तरंगण्याचें जाकीट अंगांत घालावें. त्यांत संकोच धरूं नये. दुमजली बसची हौस दक्षिण मुंबईंतच पुरी होते. जुन्या डिझेलच्या दुमजली गाड्या सप्टेंबर 2023 मध्यें बंद झाल्या. आतां विजेवर चालणाऱ्या नव्या आहेत.

समुद्राविषयीं एक युक्ति सांगतों. आमच्याकडे समुद्र नाहीं, पण पंचांग घरोघर आहे. किनाऱ्यावरचे लोक तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीचा आंकडा पाऊणपट करावा. जें उत्तर येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. चतुर्थीस चार पाउणे तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती व नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस सहाला भरती. पौर्णिमेस व अमावास्येस ती सव्वाअकराच्या पुढेंमागें, आणि तीच सर्वांत मोठी. वद्य पक्षांत प्रतिपदेपासून पुन्हां एक धरावा. खरी वेळ तासभर इकडेतिकडे होते, म्हणून हाजीअलीसारख्या ठिकाणीं, जेथें जाण्याची वाट मोठ्या भरतींत पाण्याखालीं जाते, तेथें स्थानिकांस विचारूनच पाऊल टाकावें. ओल्या खडकांवर मुळींच उतरूं नये. पूर्वीं शाळांतून पाउणकी पाठ करून घेत, तिचा असा उपयोग मुलांस प्रत्यक्ष दाखवितां येईल.

बारीक सारीक सांगावयाचें तर, पहिल्या दिवसापुरत्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी बरोबर असावी. औषधें हातांतल्या पिशवींत ठेवावीं, मोठ्या बॅगेंत नव्हे. प्रत्येकाच्या खिशांत किंवा कमरेच्या पिशवींत मुक्कामाचा पत्ता व दोघांचे दूरध्वनि क्रमांक लिहिलेला कागद असावा; मोबाईल हरवतो, त्याची विजेरी संपते, कागद टिकतो. आणि चुकामूक झाली तर जो मागें राहिला त्यानें जागा सोडूं नये, बाकीच्यांनीं परत यावें, हा नियम घरूनच ठरवून निघावें. गर्दींत हरवलेलीं माणसें बहुधा यामुळेंच सांपडत नाहींत कीं, दोन्ही बाजू एकमेकांस शोधीत फिरत राहतात.

शेवटीं एवढेंच. दोन दिवसांत मुंबई संपत नाहीं, आणि संपवूंही नये. राणीचा बाग राहिला, दादरची चैत्यभूमि राहिली, गिरगांवच्या चौपाटीवर लोकमान्यांस अग्नि दिला ती जागा राहिली, तर ती पुढच्या फेरीची शिदोरी समजावी. परत आल्यावर किती ठिकाणें झालीं असें शेजारी विचारतीलच. पण आपण घरांतल्या म्हाताऱ्या माणसास एवढेंच विचारावें कीं, पुन्हां यावेंसें वाटलें काय? त्याचें उत्तर होकारार्थी आलें, तर बेत बरोबर आंखला गेला असें खुशाल समजावें.