बालकांचे औषध : मात्रा आणि माप

(आरोग्य केंद्राच्या सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



बालकांच्या औषधांची सुरक्षितता हा आजचा विषय ऐकावयास मोठा वाटतो. परंतु त्याचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे : आजारी मुलाला औषध किती द्यावयाचे? कोणते औषध द्यावयाचे, हा निर्णय डॉक्टरांचा. पण ते प्रत्यक्षात किती, कोणत्या मापाने आणि किती वेळा मुलाच्या पोटात गेले, हे आणखी तिघांच्या हाती असते. एक, औषध देणारा औषधनिर्माता. दुसरी, ते पाजणारी आई. आणि तिसऱ्या, अंगणवाडीच्या बाई किंवा शाळेतील गुरुजी. या चौघांचा हिशेब जुळला तर औषध हे औषध ठरते. एकाचाही चुकला तर तेच औषध मुलाच्या जिवावर उठू शकते.

मात्रा हा विचार आपल्याला नवा नाही. जुन्या घरांतून बाळगुटी उगाळताना आजी सहाणेवर वेखंडाचा एक वेढा, हळकुंडाचे दोन वेढे असे मोजून देत असे आणि बाळ जसे वाढेल तसे वेढे वाढवीत असे. आज वैद्यकशास्त्र सांगते की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. तेव्हा गुटीचा आग्रह मी धरणार नाही. पण बाळाच्या वाढीप्रमाणे मात्रा बदलली पाहिजे, हे त्या आजीला ठाऊक होते. आज कारखान्यातून येणारी औषधे गुटीपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी आहेत. म्हणूनच तो विवेक आज अधिकच हवा.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

मोठ्या माणसाच्या गोळीचा तुकडा मोडून दिला की मुलाचे औषध झाले, असा समज अनेक घरांत आढळतो. तो चुकीचा आहे. नवजात बालकाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सुमारे ७५ टक्के असते, प्रौढाच्या शरीरात ते सुमारे ६० टक्के असते. औषध पचवून निकामी करणारे यकृत आणि ते लघवीवाटे बाहेर टाकणारी मूत्रपिंडे जन्मतः पूर्ण कार्यक्षम नसतात. क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाने हा धडा जगाला शिकविला. प्रौढांना ते लागू पडत असे. परंतु नवजात बालकांचे यकृत त्याचा निचरा करू शकत नसल्यामुळे ती निळी-करडी पडून दगावत, हे १९५९ च्या सुमारास उघडकीस आले.

काही औषधे तर मुलांना वर्ज्यच आहेत. अ‍ॅस्पिरिनमुळे विषाणूजन्य तापात मुलांच्या मेंदूला व यकृताला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या खास सूचनेवाचून मुलांना देत नाहीत. आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन दिल्यास दातांवर कायमचे डाग पडू शकतात. निमेसुलाइड हे तापाचे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. घरात उरलेली गोळी मुलाला देण्यापूर्वी एवढे तरी आठवावे.

तीन आकडे

मुलाच्या मात्रेचा हिशेब तीन आकड्यांवर उभा आहे. पहिला, मुलाचे वजन. दुसरा, एक मिलिलिटर औषधात किती मिलिग्रॅम द्रव्य आहे तो. आणि तिसरा, त्यावरून किती मिलिलिटर पाजावयाचे तो.

आपण सर्वजण जाणतो ते पॅरासिटामॉल घेऊ. त्याची एका वेळची मात्रा दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्रॅम असते. १२ किलोच्या मुलास १२० मिलिग्रॅम द्यावयाचे, असे डॉक्टरांनी ठरविले असे समजू. बाजारात या औषधाचे एक सिरप पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे, दुसरे पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचे, आणि तान्ह्या मुलांसाठीचे थेंब एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे मिळतात. पहिल्याचे पाच, दुसऱ्याचे सुमारे अडीच आणि थेंबांचे १.२ मिलिलिटर दिले म्हणजे मात्रा बरोबर होते. पण ‘एक चमचा द्या’ एवढेच सांगितले तर? पाच मिलिलिटरच्या चमच्याने पहिल्या बाटलीतून १२०, दुसरीतून २५० आणि थेंबांच्या बाटलीतून तब्बल ५०० मिलिग्रॅम जातील. औषधाचे नाव एकच, चमचाही एकच, पण मात्रा चौपटीहून अधिक! थेंबांची बाटली लहान असते म्हणून तिच्यातील औषध सौम्य, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शिवाय घरचे चमचे सारखे नसतात. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा धरला, तर मोठा वाढण्याचा चमचा त्याच्या तिप्पट भरतो. म्हणून बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण, किंवा त्याहून चांगली अशी सुईविरहित मापाची पिचकारी, हीच वापरावी. पिचकारीने औषध गालाच्या आतल्या बाजूस हळूहळू सोडावे. मूल रडत असताना नाक दाबून औषध ओतू नये; ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

आणखी एक दक्षता अशी की, सर्दी-तापाच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते. तापाचे औषध एका बाटलीतून आणि सर्दीचे दुसरीतून दिले की नकळत दुप्पट मात्रा होते. दोन मात्रांमध्ये निदान चार ते सहा तासांचे अंतर हवे. ताप उतरत नाही म्हणून तासातासाला औषध पाजल्यास यकृतावर घाला पडतो.

काना-मात्रेचा फरक

येथे शिक्षक मंडळी आहेत. एका काना-मात्रेने शब्दाचा अर्थ कसा बदलतो, हे त्यांना मी सांगावयास नको. औषधाच्या चिठ्ठीत तेच काम दशांश चिन्ह करते. ‘५.०’ मधील टिंब पुसट झाले की ते पन्नास वाचले जाते. शून्य न लिहिता नुसते ‘.५’ लिहिले आणि टिंब दिसले नाही की ते पाच होते. दोन्ही वेळा मात्रा दहापट. म्हणून पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य लिहू नये आणि अपूर्णांकाच्या आधी शून्य अवश्य लिहावे, असा दंडक आहे.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. घाईत लिहिलेला मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा आणि मराठी चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो. आपल्या केंद्रात मराठी, कोंकणी, कन्नड अशा निरनिराळ्या भाषा बोलणारी कुटुंबे येतात आणि बाटलीवरील मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. तेव्हा चिठ्ठीवर आकडा लिहून त्याशेजारी तो अक्षरांत लिहावा, आणि पिचकारीवर किंवा झाकणावर त्या मापापाशी पेनने रेघ मारून द्यावी. रेघेला कोणतीही लिपी लागत नाही.

बाटलीतच विष असेल तर

आतापर्यंत औषध शुद्ध आहे असे आपण गृहीत धरले. पण इतिहास सांगतो की ते नेहमीच तसे नसते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचे एक पातळ औषध डायएथिलीन ग्लायकॉल या द्रावकात तयार केले गेले. ते घेऊन १०५ माणसे मेली. त्यांत ३४ मुले होती. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतचे दोष उघडे केले. १९९८ मध्ये गुरगाव, २०२० मध्ये जम्मूतील रामनगर, २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया, आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा. प्रत्येक ठिकाणी बळी बहुतांशी लहान मुलांचे. छिंदवाड्याची कित्येक बालके उपचारासाठी नागपूरला आणली गेली. वीसहून अधिक जीव वाचू शकले नाहीत. तामिळनाडू शासनाच्या तपासणीत त्या खोकल्याच्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. औषधात त्याची सह्य मर्यादा केवळ ०.१ टक्का मानली जाते.

हे द्रव्य गोडसर, पारदर्शक आणि दिसावयास ग्लिसरीनसारखे असते. आईला, डॉक्टरला किंवा दुकानदाराला ते डोळ्यांनी वा चवीने ओळखता येत नाही. ते ओळखण्याची जागा एकच, ती म्हणजे कारखान्याची प्रयोगशाळा, जेथे कच्च्या मालाचे प्रत्येक पिंप वापरण्यापूर्वी तपासले गेले पाहिजे. आपल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत आणि आपल्या गावांतील मुले-मुली तेथे कामाला जातात. त्यांना मी एवढेच सांगेन की, तपासणीच्या कागदावर केलेली सही ही कोणा अनोळखी आईला दिलेला शब्द असतो.

पालकांनी एक खूण लक्षात ठेवावी. कोणतेही पातळ औषध दिल्यानंतर मुलाला उलट्या होऊ लागल्या, पोट दुखू लागले, अंगात ग्लानी आली आणि सहा तासांत लघवी झाली नाही, तर औषध तात्काळ थांबवून बाटलीसह रुग्णालय गाठावे. बाटली फेकून देऊ नये. तिच्यावरील बॅच क्रमांकामुळे दुसऱ्यांची मुले वाचू शकतात.

मुळात साध्या सर्दी-खोकल्याला मुलांना औषध लागतेच असे नाही. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः शिफारस करण्याजोगी नाहीत. विश्रांती, पुरेसे दूध-पाणी आणि धीर यांनी बहुतेक खोकले आपोआप बरे होतात. मात्र श्वास जोरजोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा मूल दूध पीत नसेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

औषधनिर्मात्याचे कर्तव्य

आता माझ्या व्यवसायबंधूंसाठी दोन शब्द. १९४८ च्या फार्मसी कायद्याने आपल्याला नोंदणीकृत व्यावसायिकाचा दर्जा दिला. तो केवळ कपाटातली बाटली काढून देण्यासाठी नव्हे. चिठ्ठीवर मुलाचे वजन नसेल तर ते विचारावे, आणि ठाऊक नसेल तर काट्यावर घ्यावे. मात्रेचा हिशेब स्वतंत्रपणे पुन्हा करावा. शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे. असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, ते आपले काम आहे. सांगितलेल्या तीव्रतेचे औषध नसेल आणि दुसरे द्यावे लागत असेल, तर डॉक्टरांच्या संमतीने मिलिलिटरही बदलून लिहावेत. पावडरच्या बाटलीत उकळून थंड केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावयाचे आणि तयार औषध बाटलीवरील मुदतीनंतर टाकून द्यावयाचे, हे नीट समजावून सांगावे. शेवटी, “बाई, आता किती पाजाल ते मला दाखवा,” असे म्हणून त्या माउलीकडून पिचकारी भरून घ्यावी. तिला समजले की नाही, हे मानेच्या होकारावरून कळत नाही. हाताच्या कृतीवरून कळते.

औषधाचा दुष्परिणाम आढळल्यास तो कळविण्याची व्यवस्था देशात २०१० पासून आहे. १८००-१८०-३०२४ हा तिचा निःशुल्क क्रमांक असून सर्वसामान्य नागरिकही त्यावर माहिती देऊ शकतो.

घर, शाळा आणि कार्यालय

जुलाबात जलसंजीवनीचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे. पेलाभर पाण्यात ते ओतल्यास क्षार अति होऊन मुलाला अपाय होतो. लहान पाकिटे कमी पाण्यासाठी असतात, म्हणून पाकिटावरील सूचना वाचावी. तयार पाणी २४ तासांनंतर ठेवू नये. सोबत दिलेली झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यावी.

शाळा व अंगणवाडीत जंतनाशक गोळी देताना दोन वर्षांवरील मुलास ४०० मिलिग्रॅमची पूर्ण आणि एक ते दोन वर्षांच्या बालकास अर्धी, हा नियम पाळावा. लहानांना ती चुरून पाण्यात कालवून द्यावी, नाहीतर घशात अडकण्याचा धोका असतो. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला ती देऊ नये.

घरी आईच्या लोहाच्या गोळ्या मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. अशा थोड्या गोळ्याही लहान मुलास घातक ठरतात. आणि औषध पाजण्यासाठी त्याला ‘खाऊ’ म्हणू नये. खाऊ म्हटले की मूल तो एकटे असतानाही शोधते.

अधिकारी बंधूंना माझी विनंती अशी की, प्रत्येक उपकेंद्रात अचूक वजनकाटा असावा, पातळ औषधांच्या पुरवठ्याबरोबर तितक्याच मापाच्या पिचकाऱ्या मागवाव्यात आणि खरेदीच्या वेळी दराबरोबर तपासणीचा दाखलाही पाहावा. स्वस्त औषध हे लोकांच्या सोयीचे आहे. न तपासलेले औषध कोणत्याही दराने महागच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ चा रुग्णसुरक्षा दिन नवजात व बालकांच्या सुरक्षित उपचारांना वाहिला होता. आपण मात्र त्यासाठी एका दिवसाची वाट पाहावयास नको. आज येथून घरी गेल्यावर प्रत्येकाने कपाटातील औषधे काढावीत, मुदत संपलेली वेगळी करावीत, आपल्या मुलाचे वजन एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवावा आणि दर काही महिन्यांनी तो आकडा बदलावा. पुढच्या वेळी औषध घेताना तो आकडा आपण होऊन सांगावा आणि “किती मिलिलिटर?” हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर नीट मिळेपर्यंत दुकानाची पायरी उतरू नये.