घुंगरं तेवढी राहिली

आमची कासुर्डी दौंडच्या ऊसपट्ट्यातली. पुणे-सोलापूर महामार्गावर रसवंतीची घुंगरं वाजली, की अम्मीचे पाय थबकायचे. आता तिला घराबाहेर पडवत नाही. म्हणाली, ‘रोजा सोडताना तोच रस हवा.’

घरात चरक कुठला? ऊस सोलला, तुकडे मिक्सरमध्ये फिरवले, फडक्यातून गाळले, लिंबू पिळलं. अम्मी म्हणाली, ‘गोड आहे, आंबट आहे; पण तो नाही.’

मग आठवलं. रसवंतीवाला उसाच्या घडीत आल्याबरोबर सालीसकट लिंबू घालतो. लिंबाचा खरा वास सालीतल्या तेलात असतो. दुसऱ्या दिवशी पेल्यावर साल मुरडली. रसाला किंचित कडवटपणा आला.

पेला रिकामा करून अम्मी म्हणाली, ‘घुंगरं तेवढी राहिली.’