नागीण : गेरू नको, दवाखाना गाठा



नागिणीचे तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही भीती आपल्या बीड जिल्ह्यातही आहे. म्हणून गेरू लावतात, मंत्र घालतात. वस्तुतः कांजण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. वयाने वा आजाराने प्रतिकारशक्ती घटली की तो एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणूनच पुरळ बहुधा एकाच बाजूला उठते. विळख्याने कोणी मरत नाही. पण वेदना महिनोन्महिने छळते, डोळ्याजवळ उठल्यास दृष्टीही जाऊ शकते.

गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू केल्यास गुण अधिक येतो. मंत्रात नेमके तेच तीन दिवस जातात. मुले-सुना ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या दवाखान्यात कोण नेणार? ही जबाबदारी आपण शेजाऱ्यांनी उचलली पाहिजे.

२०२३ पासून भारतात पन्नाशीपुढील लोकांसाठी दोन मात्रांची लस मिळते. तीत जिवंत विषाणू नसतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांनीही डॉक्टरांना तिच्याविषयी अवश्य विचारावे. मात्र तिची किंमत हजारांत आहे. मजुराच्या आईलाही ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळावी, अशी आमची मागणी आहे.