व्सेवोलोद पुदोवकिन : जागे होणाऱ्या माणसाचा दिग्दर्शक



गॉर्कीची 'आई' ही कादंबरी वाचली नाही असा पक्षसभासद विरळाच. अभ्यासवर्गाला येणाऱ्या नव्या कार्यकर्त्याच्या हाती जी पहिली चार-दोन पुस्तके ठेवण्याची प्रथा पडली, त्यांत तिचे स्थान ठरलेले आहे. परंतु या कादंबरीवरून १९२६ साली मॉस्कोत निघालेला मूकपट पाहिलेले सभासद थोडे, आणि त्याचे दिग्दर्शक व्सेवोलोद पुदोवकिन यांच्याविषयी चार गोष्टी माहीत असलेले त्याहून थोडे. आजच्या व्याख्यानाचा विषय हे दिग्दर्शक आहेत.

कादंबरी आणि चित्रपट यांत एक मोठा फरक आहे. पुस्तक वाचून चित्रपटाला येणारा प्रेक्षक त्या जागी दचकतो. कादंबरीतील निलोव्हना हळूहळू मुलाच्या कार्याकडे ओढली जाते. ती त्याचा घात करीत नाही. चित्रपटातील निलोव्हना करते. मुलाने जमिनीच्या फळीखाली लपविलेली शस्त्रे तिने पाहिलेली असतात. पोलीस अधिकारी गोड बोलून सांगतो की, सारे खरे सांगितलेस तर मुलाला सोडून देऊ. ती भाबडी बाई स्वतःच्या हाताने फळी उचलून शस्त्रे बाहेर काढते, आणि तिच्या डोळ्यांदेखत पावेलला पकडून नेतात. हा प्रसंग पटकथाकार नातान झार्खी आणि पुदोवकिन यांनी रचलेला आहे. क्रांतीच्या जनकथेत आईच्या हातून घरभेदीपणा घडवून आणण्याचे धाडस त्यांनी का केले, हे समजले की पुदोवकिन यांच्या उत्तम चित्रपटांचे मर्म हाती येते.

पुदोवकिन यांचा जन्म १८९३ साली व्होल्गाकाठच्या प्रदेशातील पेन्झा या गावी झाला. बालपणीच कुटुंब मॉस्कोला आले. विद्यापीठात ते विज्ञानशाखेत दाखल झाले आणि रसायनशास्त्राकडे वळले. इतक्यात १९१४चे साम्राज्यवादी युद्ध पेटले. ते तोफखान्यात गेले, १९१५च्या आरंभी जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले आणि सुमारे तीन वर्षे युद्धकैद्यांच्या छावणीत राहिले. तेथे त्यांनी परकीय भाषा शिकून घेतल्या. परत आले तेव्हा रशियात क्रांती होऊन गेली होती. काही काळ त्यांनी रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. सत्तावीस वर्षांच्या या माणसाने १९२०मध्ये राज्य चित्रपट शाळेत नाव घातले ते मुख्यत्वे ग्रिफिथचा 'इन्टॉलरन्स' पाहून. चित्रपट ही गंभीर कला होऊ शकते यावर तोवर त्यांचा विश्वास नव्हता.

पुढे ते लेव्ह कुलेशोव यांच्या कार्यशाळेत आले. कच्च्या फिल्मचा दुष्काळ असल्याने तेथील विद्यार्थी पुष्कळदा फिल्मवाचूनच नाट्यप्रवेश बसवीत. मोझ्झुखिन या नटाचा निर्विकार चेहरा, आणि त्याला एकदा सूपाची बशी, एकदा शवपेटीतील स्त्री, एकदा खेळणारे मूल अशी जोड, हा सुप्रसिद्ध प्रयोग याच गटाचा. जगाला तो मुख्यतः पुदोवकिन यांच्या लेखणीतून कळला. चेहरा तोच; परंतु प्रेक्षकांना त्यात भूक, शोक आणि वात्सल्य दिसले. चित्रपटाचा अर्थ दोन तुकड्यांच्या जोडणीतून उत्पन्न होतो, हे सूत्र रसायनशाळेतून आलेल्या माणसाला चटकन पटले यात नवल नाही.

मेझराबपोम-रूस हा चित्रपटसंघ त्या काळी बर्लिनमधील आंतरराष्ट्रीय कामगार मदत संघटनेशी संलग्न होता. तेथे पुदोवकिन यांच्या हाती पहिले मोठे काम आले ते शास्त्रीय माहितीपटाचे. पावलोव्ह यांच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरील प्रयोगांचा हा चित्रपट म्हणजे 'मेंदूची यंत्रणा'. तो चालू असतानाच १९२५च्या मॉस्को बुद्धिबळ स्पर्धेचा लाभ घेऊन त्यांनी एक छोटा विनोदपटही उरकला. त्यात जगज्जेता कापाब्लांका स्वतः पडद्यावर दिसतो. हा विनोदपट गमतीचा आहे, एवढे म्हणून पुढे जाता येईल. माहितीपटाचे मात्र तसे नाही. बाह्य वस्तूचा मनावर काय परिणाम होतो, सवय कशी जडते आणि कशी मोडते, हे प्रयोगशाळेत टिपलेला दिग्दर्शक लगेच पुढच्या वर्षी निलोव्हनाच्या झोपडीत कॅमेरा घेऊन शिरला. छायालेखक अनातोली गोलोवन्या दोन्हीकडे तेच होते.

'आई' या चित्रपटात भाषण फारसे नाही. आहेत त्या वस्तू. दारूसाठी बाप भिंतीवरचे घड्याळ काढू पाहतो, आई त्याला धरते, घड्याळ खाली पडून फुटते. एका दरिद्री घराचा सारा इतिहास तेवढ्यात सांगून होतो. संप फोडणाऱ्यांच्या टोळीत जाऊन बाप मरतो. त्याचे प्रेत घरात ठेवलेले असता आई उशाशी बसली आहे आणि नळातून थेंब थेंब पाणी गळते आहे. न्यायालयात पावेलच्या आयुष्याचा निकाल लागत असताना न्यायाधीशाचे मन एका घोडीच्या चित्रात रमलेले आहे. वर्गीय न्यायासंबंधी किती पुस्तिका लिहिल्या गेल्या. या एका चित्राच्या तोडीच्या त्यांत थोड्या असतील.

तुरुंगात पावेलला सुटकेच्या बेताची चिठ्ठी मिळते तो प्रसंग पुदोवकिन यांनी स्वतःच्या पुस्तकात विस्ताराने उलगडून सांगितला आहे. आनंदित चेहरा सरळ दाखविला तर तो सपक होईल असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी पावेलचे अस्वस्थ हात दाखविले, चेहऱ्याचा फक्त खालचा भाग आणि ओठांच्या कडेचे हसू दाखविले, आणि त्याला वसंतातील खळाळता ओढा, पाण्यावर नाचणारे ऊन, डबक्यातील पक्षी व हसणारे मूल यांची जोड दिली.

आईला आरंभी कॅमेरा वरून पाहतो; ती दडपलेली, जमिनीला खिळलेली दिसते. शेवटी तोच कॅमेरा खाली येतो. मोर्चात मुलगा तिच्या मिठीत गोळी लागून मरतो, ती पडलेला झेंडा उचलते, आणि घोडदळ अंगावर येत असता आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभी राहते. व्हेरा बारानोव्स्काया आणि पावेलचे काम करणारे निकोलाय बातालोव हे दोघेही मॉस्को आर्ट थिएटरच्या परंपरेत घडलेले. इतरत्र कमी-अधिक दिसणारा पल्लेदार अभिनय येथे नाही; बारानोव्स्काया यांचे डोळे पुरेसे ठरतात.

आता मूळ प्रश्नाकडे. आईने चूक केली नसती तर शेवटचा झेंडा तिच्या हाती शोभेची वस्तू ठरला असता. फळी उचलणारे हात आणि झेंडा उचलणारे हात एकच आहेत, यात चित्रपटाचे बळ आहे. तिने मुलाचा घात केला तो लोभाने किंवा भीतीनेही नव्हे. सरकारी शब्दावर विश्वास ठेवण्याची जन्मभराची सवय म्हणून. ती सवय अनुभवाने मोडते. वर्गजाणीव बाहेरून अंगात भरता येते असे समजणाऱ्या कार्यकर्त्याने या बाईकडे जरा थांबून पाहावे.

पुढच्या दोन चित्रपटांतही हाच माणूस दुसऱ्या वेषात येतो. ऑक्टोबर क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनानिमित्त काढलेल्या 'सेंट पीटर्सबर्गचा अंत' (१९२७) या चित्रपटात भुकेने गाव सोडून शहरात आलेला एक शेतकरी तरुण आहे. ज्या कामगाराच्या घरी त्याला आसरा मिळायचा त्याच संपाच्या पुढाऱ्याला तो नकळत पकडून देतो. पुढे युद्ध येते. एकीकडे खंदकात माणसे मरतात, दुसरीकडे शेअरबाजारात उड्या पडतात. हे दोन प्रवाह एकमेकांत गुंफून पुदोवकिन यांनी युद्धाचे अर्थशास्त्र दाखविले. पण या चित्रपटातील अविस्मरणीय वस्तू म्हणजे कामगाराच्या बायकोची बादली. बादलीत बटाटे. ते ती जखमी सैनिकांना वाटत जाते, आणि हिवाळी प्रासादाच्या भव्य पायऱ्या चढते तेव्हा हाती रिकामी बादली असते. त्याच वर्धापनदिनासाठी आयझेन्स्टाइन यांनीही 'ऑक्टोबर' हा चित्रपट हाती घेतला होता. त्यांच्या प्रासादात जमाव शिरतो. पुदोवकिन यांच्या प्रासादात बादली घेतलेली एक बाई.

या दोघांचा वाद प्रसिद्ध आहे. चित्रतुकडे एकमेकांवर आदळले पाहिजेत, असे आयझेन्स्टाइन म्हणत. पुदोवकिन विटेवर वीट रचावी तसे ते जोडीत. तरीही १९२८ साली बोलपट दाराशी आला तेव्हा दोघांनी अलेक्सान्द्रोव यांच्यासह एकाच निवेदनावर सह्या केल्या: ध्वनी हा चित्राचा निव्वळ अनुवाद होऊ नये, त्याने चित्राला स्वतंत्रपणे छेद द्यावा.

'चंगीझखानाचा वारस' (१९२८), जगभर 'आशियावरील वादळ' या नावाने गाजलेला, भारतीय प्रेक्षकाला सर्वांत जवळचा वाटावा. बैर हा मंगोल शिकारी रुपेरी कोल्ह्याचे मौल्यवान कातडे विकायला बाजारात आणतो आणि युरोपीय व्यापारी त्याच्या अंगावर चार नाणी फेकतो. बैरला राज्य नको असते, क्रांतीही नको असते. त्याला योग्य भाव हवा असतो. तेथून तो डोंगरातील बंडखोर सैनिकांत जातो, पकडला जातो, गोळी खातो. आणि त्याच्या ताइतात सापडलेल्या कागदावरून तो चंगीझखानाचा वंशज ठरताच परकीय सेनापती त्याला मलमपट्टी करून बाहुला राजा बनवितात. संस्थानिकांच्या गाद्या कशा सांभाळल्या जात हे पाहिलेल्या देशाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मंगोलियावर ब्रिटिश फौजेने कधी कब्जा केला नव्हता, हा या चित्रपटावरील आक्षेप इतिहासाच्या दृष्टीने बरोबर आहे. परंतु पुदोवकिन यांना एक देश रंगवायचा नव्हता, एक पद्धत रंगवायची होती.

बैरला गोळी घालायला नेणारा साधा सैनिक जाताना बूट मळू नयेत म्हणून चिखलाचे डबके टाळून जातो. काम उरकून परतताना तो त्याच डबक्यातून बेभानपणे चालत येतो. साम्राज्याचा चाकरही माणूसच असतो, हे सांगायला दिग्दर्शकाला एक डबके पुरले. बाजारातील मंगोल लोकांच्या डोळ्यांत कातड्याविषयीचे कौतुक कसे आणावे, हीही त्यांना पडलेली अडचण होती. त्यांनी एक चिनी जादूगार आणला, त्याचे खेळ पाहणाऱ्या लोकांचे चेहरे टिपले आणि मग त्यांच्यापुढे कातड्याचे चित्र जोडले. कुलेशोव यांचा धडा असा बाजारात उपयोगी पडला.

'पळपुटा' (१९३३) या बोलपटाचा नायक हाम्बुर्गच्या गोदीतील कामगार आहे. संपाच्या ऐन लढ्यात त्याचा धीर सुटतो. नंतर सोव्हिएत देशात काही काळ राहून तो परत आपल्या गोदीत, आपल्या लढ्यात जातो. शीर्षकच चुकीचे आहे, म्हणजे त्याच्या चुकीचे. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी हा चित्रपट पडद्यावर आला, आणि त्यातील जर्मनी तोवर इतिहासजमा होऊ लागला होता.

१९३५मध्ये मोटार अपघातात झार्खी ठार झाले. पुदोवकिन यांच्या कलाजीवनातील हा फार मोठा घाव होय. चुकणारा माणूस ज्यांच्या लेखणीतून येत असे तो लेखक गेला, आणि काळही बदलला. यानंतरची यादी पाहावी: 'मीनिन आणि पोझार्स्की' (१९३९), 'सुवोरोव' (१९४१), 'ॲडमिरल नाखिमोव' (१९४७), 'झुकोव्स्की' (१९५०). फॅसिझमच्या सावटाखालील देशाला आपल्या सेनानींची आठवण हवी होती, हे मान्य केलेच पाहिजे. सुवोरोवचे चित्रण तर चैतन्याने भरलेले आहे. परंतु या थोर पुरुषांना शिकण्यासारखे काही उरलेले नसते. ते पहिल्या दृश्यापासून बरोबर असतात. आणि १९४२ साली ब्रेख्तच्या नाट्यप्रवेशांवरून, हिटलरी राजवटीत सामान्य जर्मन माणूस भीतीने कसा पोखरला जातो हे दाखविणारा चित्रपट पुदोवकिन यांनी केला, तो प्रदर्शितच झाला नाही.

सप्टेंबर १९४६च्या केंद्रीय समितीच्या ठरावात 'नाखिमोव'वर टीका झाली. इतिहासाचा अभ्यास न करता दिग्दर्शकाने नृत्ये आणि मेजवान्या रंगविल्या, सिनोपची लढाई वगळली, असा आरोप होता. १९३९पासून पक्षसभासद असलेल्या पुदोवकिन यांनी चित्रपट पुन्हा घडविला, लढाई घातली, आणि त्याला स्टालिन पारितोषिक मिळाले. नाचगाणी उथळ होती, हे टीकाकारांचे निदान कदाचित खरे असेल. औषध मात्र चुकले. तोफांनी ती पोकळी भरली नाही. माणूस जो दुरावला होता तो आणखी दुरावला. ज्या पक्षाच्या क्रांतीने निलोव्हना पडद्यावर आणली त्याच पक्षाच्या ठरावाने असे घडावे, याची चर्चा कम्युनिस्टांनी करायची नाही तर कोणी?

१९५१च्या आरंभी पुदोवकिन अभिनेते चेर्कासोव यांच्यासह भारतात येऊन गेले. त्यांचे ग्रंथ इंग्रजी भाषांतरातून येथे आधीच पोचले होते. कलकत्त्यात त्यांनी निमाई घोष यांचा 'छिन्नमूल' पाहिला. फाळणीने उखडलेल्या शेतकऱ्यांची ती कथा; तिच्यात तरुण ऋत्विक घटक यांनीही काम केले होते. पुदोवकिन यांना चित्रपट इतका भावला की त्यांच्या पुढाकाराने तो सोव्हिएत संघात दाखविला गेला. घर सुटलेल्या, काही न समजणाऱ्या, पावलोपावली शिकणाऱ्या माणसांचा हा चित्रपट त्यांनीच निवडावा, हे त्यांच्या स्वभावाला धरून होते.

त्यांच्या अखेरच्या चित्रपटाची कथा गालिना निकोलायेवा यांच्या कादंबरीवरून घेतलेली आहे. युद्धात मेला असे समजलेला वासीली बोर्त्निकोव घरी परततो, तर बायकोने दुसऱ्याशी संसार मांडलेला. दोष कोणाचाच नाही. सामुदायिक शेतीचे प्रश्न चित्रपटात भरपूर आहेत. तरी लक्षात राहतात ती तीन दुःखी माणसे आणि दाराशी थबकलेला वासीली. १९५३ साली हा चित्रपट आला, आणि त्याच वर्षी ३० जून रोजी, साठाव्या वर्षी, पुदोवकिन यांचे निधन झाले. पाच वर्षांनी ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात चित्रपट-इतिहासकारांनी निवडलेल्या सर्वश्रेष्ठ बारा चित्रपटांत 'आई'चा समावेश झाला.

यानंतर 'आई' दाखविण्यात येईल. चित्रपट सुमारे दीड तासाचा असून मूक आहे. मधल्या पाट्यांचा मजकूर मराठीत वाचून दाखविला जाईल. आई फळी उचलते त्या प्रसंगी मात्र वाचन थांबेल.